पाणचक्कीचे पाणी पुढे कुठे जाते?

औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला गेलेला माणूस बीबी का मकबरा पाहून झाला की पाणचक्कीकडे वळतो. तिथे उभा राहिलेला जवळजवळ प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो, "मोटार नाही, पंप नाही, मग पाणी इतक्या उंच भिंतीवर चढते कसे?" गाइड उत्तर देतो, लोक माना डोलावतात, फोटो काढतात आणि पुढच्या ठिकाणाकडे निघतात. आम्ही तीन दिवस या शहरात होतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर सांगणारे आम्हाला पुष्कळ भेटले. हे पाणी पुढे कुठे जाते, असे विचारणारा मात्र कुणी दिसला नाही.

आम्ही लातूरचे. दोन बिऱ्हाडे, चार मुले आणि सोबत नानीअम्मा. लातूरच्या माणसाला पाण्याचा पत्ता विचारायची सवय २०१६ने लावली. त्या वर्षी मांजरा धरण आटले. मार्च महिन्यात पाण्याच्या टाक्यांभोवती गर्दी करायला जमावबंदी करावी लागली. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. साडेतीनशे किलोमीटरवरून आलेले ते पाणी घरी आले तेव्हा आमच्या गल्लीतली लहान मुलेसुद्धा सांगत होती की हे कृष्णेचे पाणी आहे. त्या उन्हाळ्यात भाज्या धुतलेले पाणी फरशीला, फरशीचे पाणी संडासला, अशी प्रत्येक घागर दोन-तीनदा कामाला येई. मग त्याच वर्षी पाऊस चांगला झाला, धरण भरले, आणि गावातले अंगण पुन्हा पाइप लावून धुतले जाऊ लागले. माहिती तीच होती, माणसेही तीच होती. पाणी कुठून येते हे डोळ्यांसमोरून गेले, तशी सवयही गेली.

गवंड्याची नळी

पाणचक्कीचे आवार बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याचे आहे. हे नक्शबंदी परंपरेचे सूफी मध्य आशियातून इथे आले. त्यांच्या खानकाहत येणारे फकीर, मुसाफिर आणि शिकणारी मुले यांच्यासाठी पीठ दळायची चक्की हवी होती. अठराव्या शतकाच्या मध्याला ती पाण्यावर चालवण्याची सोय इथे झाली. आज महाराष्ट्र राज्य वक्फ मंडळाचे मुख्य कार्यालयही याच आवारात आहे.

पाणी शहराच्या उत्तरेकडच्या डोंगरपायथ्याच्या विहिरींतून येते. जमिनीखालच्या नहरीतून आणि खापराच्या नळांतून काही किलोमीटर वाहत येऊन ते एका उंच भिंतीत वर चढते आणि माथ्यावरून धबधब्यासारखे हौदात पडते. मुलांना हे जादूचे वाटले. आमच्यातल्या एकांचे बांधकामाचे काम आहे. त्यांनी मुलांना विचारले, "घर बांधताना गवंडी लेव्हल कशी काढतात?" पारदर्शक नळीत पाणी भरतात, तिची दोन टोके दोन भिंतींशी धरतात आणि मधली नळी कितीही खाली लोंबली तरी दोन्ही टोकांचे पाणी एकाच उंचीवर थांबते. इथेही तेच आहे. विहिरी या भिंतीच्या माथ्यापेक्षा उंचावर आहेत. पाणी खाली उतरते आणि बंद नळातून पुन्हा आपल्या उंचीकडे जाऊ पाहते. मुलांना हे लगेच पटले, कारण गवंड्याची नळी त्यांनी पाहिलेली होती.

हौदाच्या खाली मोठे दालन आहे. हौदाचा तळ हेच त्या दालनाचे छत. बाहेर ऊन रणरणत असताना आत हवा थंड राहते. वीज नसतानाच्या काळात मुसाफिरांना विसावा मिळावा म्हणून केलेली ही सोय होती. पाणी आधी चक्की फिरवी, हौद भरी, खालची खोली थंड करी आणि उरलेले शेजारच्या खाम नदीत जाई. एका पाण्याकडून चार कामे घेण्याची ही पद्धत आमच्या २०१६च्या उन्हाळ्यातल्या घागरीसारखीच आहे. फरक इतकाच की इथे ती दुष्काळ म्हणून आली नव्हती, ती बांधकामातच होती.

मलिक अंबरचा हिशेब

पाणचक्कीच्या नहरीच्या सुमारे सव्वाशे वर्षे आधी या शहराला पहिली मोठी नहर मिळाली होती. तिचा कर्ता मलिक अंबर. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला आणि पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा कारभारी झालेला हा माणूस. १६१०मध्ये त्याने खडकी हे गाव राजधानीसाठी निवडले. नावाप्रमाणेच खडकाळ जागा. जवळची खाम नदी लहान, उन्हाळ्यात आटणारी. अशा ठिकाणी शहर वसवायचे तर पहिला हिशेब पाण्याचा, हे त्याने ओळखले. त्यातून सन १६१८च्या सुमारास नहर-ए-अंबरी तयार झाली.

तिचे तंत्र साधे आहे. डोंगरपायथ्याच्या जमिनीत मुरलेले पाणी एकत्र करायचे, हलका उतार ठेवून बांधलेल्या भूमिगत मार्गाने ते शहरात आणायचे आणि वाटेत ठराविक अंतरावर वर उघडणाऱ्या उभ्या विहिरी ठेवायच्या. त्यांतून हवा आत जाते आणि माणूस उतरून गाळ काढू शकतो. इराणमध्ये याला कनात किंवा कारेझ म्हणतात. बिदर आणि बुऱ्हाणपूरलाही अशी कामे आहेत. पाणी जमिनीखालून येत असल्यामुळे ते उन्हाने उडत नाही आणि वाटेत घाणही होत नाही.

या तंत्राची एक अट आहे. डोंगरावर जेवढे मुरले तेवढेच नहरीत येते. डोंगर उघडा झाला, उतारावर बांधकामे उभी राहिली, ठिकठिकाणी खोल बोअर पडले, की नहर कोरडी पडू लागते. त्यामुळे शहरातल्या माणसाला डोंगराकडे लक्ष ठेवणे भाग होते. पावसाळा कसा झाला, कुठल्या विहिरीत गाळ साचला, हे सगळे त्याच्या हौदाच्या पातळीत दिसत असे.

या नहरींवर आजचे शहर जगू शकणार नाही, हेही सांगायला हवे. २०११च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या घरात होती. जुन्या नहरींकडे परत जा, असे म्हणणे सोपे आहे, पण खोटे आहे. मग नहरींचे करायचे काय? त्यांचे थोडे पाणी आजही बागांना, मस्जिदींना, धुण्या-भांड्यांना उपयोगी पडू शकते. त्याहून मोठा उपयोग असा की आपल्या पाण्याची वाट पायी चालून पाहता येते, हे त्या आजही शिकवतात.

आम्ही ती वाट थोडी चालून पाहिली. खालूजान सोबत होते. त्यांचे सारे आयुष्य जुन्या शहरात गेले आहे. एका गल्लीत त्यांनी चुन्याचा एक जुना मनोरा दाखवला. नहरीतल्या पाण्याचा दाब आणि हवा सांभाळण्यासाठी असे मनोरे बांधत. त्याच्या अंगावर केबलच्या वायरी गुंडाळलेल्या होत्या आणि पायथ्याशी प्लास्टिकच्या पिशव्यांचा ढीग होता. पुढे एका उभ्या विहिरीचे तोंड फरशीने झाकलेले, त्यावर मोटारसायकली उभ्या. तिथल्या दुकानदाराला विचारले तर ते म्हणाले, "जुनी गटार असेल कुठली तरी." त्यांचा स्वभाव वाईट नव्हता. आम्हाला त्यांनी आग्रहाने चहा पाजला. आपल्या दुकानाच्या पायरीखाली चारशे वर्षांची नहर आहे हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. खालूजाननी सांगितल्यावर ते उठले, फरशीच्या फटीला कान लावला आणि हसून म्हणाले, "आता इथे कचरा टाकू देणार नाही." ते किती दिवस टिकेल हे कोण सांगणार? पण पाटी लावून जे झाले नसते ते एका वाक्याने सुरू झाले.

शिळे पाणी

खालांच्या घरी आम्ही उतरलो होतो. रात्री साडेअकराला गल्लीत आरोळी उठली, "नल आये, नल आये!" क्षणात सगळी गल्ली जागी झाली. या शहरात नळाला पाणी रोज येत नाही, कित्येक दिवसांनी पाळी येते. मोटारींची घरघर सुरू झाली, टाक्या, ड्रम, हंडे, पातेली, जे हाताला लागेल ते भरू लागले.

आणि त्याच वेळी बऱ्याच घरांतून मागच्या पाळीचे उरलेले पाणी मोरीत ओतले जाऊ लागले. शेजारच्या आपांना आमच्या नानीअम्मांनी विचारले, "आपा, इतकं चांगलं पाणी का सांडता?" त्या म्हणाल्या, "शिळं झालं ना आता. ताजं आलंय."

हे चित्र महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत दिसते. शिळे पाणी हा शब्द आपल्या स्वयंपाकघरातून आला. भाकरी शिळी होते, सालन शिळे होते, म्हणून पाणीही शिळे होते असे आपण मानले. स्वच्छ, झाकलेल्या भांड्यात आठ दिवस ठेवलेले पाणी काही नासून जात नाही. ते प्यायचे नसेल तर उकळून घ्यावे, नाहीतर कपडे, फरशी, झाडे यांना वापरावे. ओतून देण्याचे कारण नाही.

यात एक खरी काळजीची गोष्ट आहे, ती मात्र अनेकांना माहीत नसते. डेंग्यूचा डास अशाच साठवलेल्या, उघड्या, स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि साधारण आठवड्याभरात त्यातून नवे डास बाहेर पडतात. अंडी भांड्याच्या आतल्या भिंतीला चिकटलेली असतात. म्हणून नुसते पाणी ओतून देऊन उपयोग नाही. ड्रम रिकामा झाला की आतून घासून पुसावा लागतो आणि भरल्यावर घट्ट झाकण किंवा बांधलेले कापड लागते. म्हणजे आपण जे करतो त्यात पाणीही जाते आणि डासही राहतो. खालांनी हे ऐकले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काथ्याने ड्रम घासायला सुनेला नव्हे, नातवाला बसवले. "पाणी सगळेच पितात," एवढेच त्या म्हणाल्या.

मस्जिदीतही आम्हाला अशीच एक गोष्ट दिसली. खालूजानच्या मोहल्ल्यातल्या जुन्या मस्जिदीत पूर्वी हौद होता. लोक काठावर बसून ओंजळीने किंवा बधन्याने वजू करत. पाणी किती उरले ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असे. आता तिथे नळांची रांग आहे. नळ सोडून माणूस बाह्या वर करतो, टोपी सारखी करतो, शेजाऱ्याशी दोन शब्द बोलतो, आणि पाणी वाहत असते. रसूलुल्लाह (स.) एका मुदभर पाण्यात वजू करत, हे आपल्या मुलांना मदरशात शिकवले जाते. मुद म्हणजे मध्यम बांध्याच्या माणसाच्या दोन्ही हातांची एक भरलेली ओंजळ. पाठ सगळ्यांना आहे. नळाखाली बादली धरून आपण एका वजूला किती पाणी वापरले हे एकदा मोजून पाहिले, तर पाठ आणि सवय यांच्यातले अंतर लिटरमध्ये कळेल.

दुसऱ्या एका मस्जिदीत मात्र वजूचे पाणी वेगळ्या नळाने काढून मागच्या शोषखड्ड्यात सोडलेले होते. तिथल्या मुतवल्लींनी सांगितले की आधी सगळे गटारात जाई. खर्च फार आला नाही, जमातीतल्या प्लंबरने मजुरी घेतली नाही. कडेला लावलेला कडुनिंब आता चांगला वर आला आहे.

खामचा पूल आणि नाथसागर

पाणचक्कीला लागूनच महमूद दरवाजा आहे आणि त्याला जोडून खाम नदीवरचा जुना पूल. पुलावर उभे राहिल्यावर आमच्या धाकटीने नाकाला ओढणी लावली आणि विचारले, "ही नदी आहे की नाला?" दोन्ही उत्तरे खरी आहेत. खाम उत्तरेच्या डोंगरात उगम पावते. शहरात शिरल्यावर तिला ठिकठिकाणी सांडपाणी मिळत जाते.

पुलावर आम्ही अर्धा तास थांबलो. तेवढ्यात एकाने स्कूटर थांबवून वाळक्या फुलांची पिशवी खाली टाकली, टाकताना हात जोडले. थोड्या वेळाने एका टोपीवाल्या गृहस्थांनी जुन्या, फाटक्या औराकांची पिशवी अदबीने पाण्यात सोडली. आपल्याकडे याला ठंडे करणे म्हणतात. दोघांच्याही मनात बेअदबी नव्हती, उलट अदबच होती. वाहते पाणी पवित्र वस्तू सन्मानाने घेऊन जाते, ही समजूत नदी वाहती होती तेव्हाची. आता तिथे ती पिशवी गटाराच्या पाण्यात, दुसऱ्या कचऱ्यावर अडकून राहते. ज्या कागदाचा मान राखायचा तोच घाणीत पडतो. अशी पाने पायदळी न येणाऱ्या स्वच्छ जागी दफन करण्याचीही रीत आपल्याकडे जुनीच आहे आणि काही मस्जिदींत त्यासाठी पेटी ठेवलेली असते. नदीची हालत डोळ्यांनी पाहिली, की कुठला मार्ग अदबीचा हे वेगळे सांगावे लागत नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही पैठणला गेलो. शहरापासून सुमारे पन्नास किलोमीटर. गोदावरीवरच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि १९७६मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. मागचा जलाशय म्हणजे नाथसागर. १९८६पासून हा परिसर पक्षी अभयारण्य आहे. मुलांनी एवढे पाणी प्रथमच पाहिले. "हा समुद्र आहे का?" असे धाकट्याने विचारले. खालांच्या नळाला रात्री साडेअकराला आलेले पाणी इथून निघते आणि पंपांनी चढावर ढकलत ढकलत शहरापर्यंत नेले जाते. त्यासाठी रात्रंदिवस वीज लागते. मलिक अंबरचे पाणी उतारावरून येई, आजचे चढावर न्यावे लागते. म्हणून मोरीत ओतलेल्या प्रत्येक हंड्याबरोबर थोडी वीजही वाहून जाते.

काठावर बसून डबे उघडले तेव्हा खालूजाननी वाळूत काडीने नकाशा काढला. इथे डोंगर, इथून निघाली खाम, इथे पाणचक्की, इथे आपले घर. मग ही खाम दक्षिणेला जात जात कुठे मिळते? मुलांनी अंदाज केले. खालूजाननी काडी सरळ नाथसागराच्या पाण्यापर्यंत ओढत आणली. "इथे," ते म्हणाले. "गोदावरीला. धरणाच्या वरच्या बाजूला."

मुले गप्प झाली. मोठ्यांतलेही काही गप्प झाले. पुलावरून खाममध्ये टाकलेले आणि मोरीतून खाममध्ये गेलेले सगळे ज्या जलाशयाच्या दिशेने वाहते, त्याच जलाशयातून शहराच्या नळाला पाणी येते. मध्ये कित्येक किलोमीटर अंतर आहे, भरपूर पाणी मिसळते, शुद्धीकरण केंद्र आहे, हे सगळे खरे. तरी वाट एकच आहे. पाणचक्कीचे पाणी पुढे कुठे जाते याचे उत्तर आम्हाला इथे मिळाले. ते खाममधून, गोदावरीतून, पंपांतून फिरून आपल्याच हंड्यात येते.

माहिती पुष्कळ, ओळख थोडी

पर्यावरणाबद्दल आपल्याला माहिती कमी आहे असे म्हणता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९१मध्ये एम. सी. मेहता यांच्या खटल्यात पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करावा असा निर्देश दिला. आपली मुले प्राथमिक शाळेपासून परिसर अभ्यासाचे पुस्तक वाचतात, ओझोनचा थर सांगतात, पाणी वाचवा म्हणून चित्रे रंगवतात. कॉलेजात प्रकल्पाची वही भरतात. पण आपल्या घरचे पाणी कुठल्या धरणातून येते, आपली मोरी कुठल्या ओढ्याला मिळते, घंटागाडी कचरा कुठे नेते, हे चार घरांत विचारा. आम्ही खालांच्या गल्लीत विचारले. पाण्याचे उत्तर बहुतेकांना आले. मोरीचे एक-दोघांना. कचऱ्याचे बहुतेकांनी "गाडी घेऊन जाते" असे सांगितले.

कचऱ्याच्या बाबतीत या शहराने एकदा जबर धडा घेतला आहे. वर्षानुवर्षे शहराचा कचरा नारेगावला टाकला जात होता. तिथली माती, पाणी, हवा खराब झाली. फेब्रुवारी २०१८मध्ये आसपासच्या गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. मग आठवडेच्या आठवडे शहराच्या रस्त्यांवर ढीग साचले, लोकांनी ते पेटवले, धूर घराघरांत शिरला. मार्चमध्ये मिटमिट्याला कचरा नेण्यावरून मोठा हिंसाचार झाला. गाडी घेऊन जाते या उत्तराच्या पलीकडेही माणसे राहतात, त्यांनाही लेकरे आहेत, हे शहराला तेव्हा कळले. त्यानंतर ओला आणि सुका कचरा वेगळा करण्याची आणि प्रक्रिया केंद्रांची कामे जोराने सुरू झाली. खाला आजही दोन डबे ठेवतात. त्यांना कुठल्या फलकाने शिकवले नाही, त्या धुराने शिकवले.

चांगल्या खुणाही आहेत. गेल्या काही वर्षांत महापालिका, संस्था आणि नागरिक मिळून खामच्या स्वच्छतेचे काम करत आहेत. छावणीच्या बाजूला नदीकाठ साफ झाला, झाडे लागली, लोक संध्याकाळी फिरायला येतात. दिल्ली दरवाज्याजवळच्या जुन्या खिजरी तलावाला आता पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली यांचे नाव आहे. त्यांनी १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली होती, आणि तेव्हा औरंगाबाद त्याच संस्थानात होते. तलावाच्या कुंपणाबाहेर आम्हाला दुर्बीण घेतलेली कॉलेजची दोन मुले भेटली. त्यांनी आमच्या मुलांना जांभळी पाणकोंबडी दाखवली. त्या दिवसापासून आमच्या घरात तलाव म्हटले की त्या पाणकोंबडीचे लाल पाय आठवतात. ओळख अशीच होते, एकेका पायाने, एकेका वाटेने.

म्हणून वाचक भगिनी-बांधवांना एक सुचवावेसे वाटते. सहलीला गेलात तर किल्ला आणि मकबरा जरूर पाहा, पण त्या गावाचे पाणी कुठून येते आणि कुठे जाते, हेही मुलांना घेऊन पाहा. आणि त्याची सुरुवात आपल्या गावापासून करा. एका सुट्टीच्या दिवशी घरच्या मोरीपासून निघा. पाणी कुठल्या गटाराला, गटार कुठल्या ओढ्याला, ओढा कुठल्या नदीला मिळतो ते चालत जा. दुसऱ्या रविवारी नळापासून उलटे निघा आणि टाकी, शुद्धीकरण केंद्र, धरण असे जमेल तितके पाहा. वाटेत ज्यांची घरे, शेते, विहिरी लागतील त्यांच्याशी बोला. नंतर घरात पाणी वाचवा असे सांगायची फारशी गरज उरत नाही.

आमच्या मुलांनी लातूरला आल्यावर एक मोठा कागद भिंतीला लावला आहे. वरच्या बाजूला धनेगावचे मांजरा धरण, मध्ये आमचे घर आणि मोहल्ल्याची मस्जिद. खालची बाजू अजून कोरीच आहे. येत्या रविवारी मोरीमागून निघायचे ठरले आहे. नानीअम्मांनी चपला दुरुस्तीला टाकल्या आहेत.